सेल्फ फिरतो, पण प्लगला करंट नाही

प्रश्न : माझ्याकडे १९९१ सालची शेव्हरोले सी-१५०० पिकअप आहे. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. सॅन अँटोनिओच्या बाहेर आमची तीन एकर जागा आहे. शेळ्यांचं खाद्य आणि गवताचे गठ्ठे आणायला तीन वर्षांपूर्वी मी ही गाडी शेजाऱ्याकडून घेतली. या उन्हाळ्यात दोनदा असं झालं, की दुकानासमोर दहा मिनिटं गाडी बंद करून ठेवली आणि परत सुरू होईना. अर्ध्या तासाने झाली. गेल्या आठवड्यात मात्र कायमचीच बसली. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी नवी आहे, पेट्रोल आहे, पण प्लगला करंट नाही. मी इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, प्लग आणि प्लगच्या वायरी सगळं बदललं. सव्वादोनशे डॉलर गेले, फरक काही नाही. इथल्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, की कॉम्प्युटर गेला असेल, बदलून टाका. बदलू का? माझे वडील साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणतात, आधी बघ, मग बदल. पण या गाडीत नेमकं काय बघायचं हे त्यांनाही सांगता येत नाही.
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : कॉम्प्युटर अजिबात घेऊ नका. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा. काय बघायचं ते मी सांगतो. कसं बघायचं ते तुम्हाला त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही. शक्य असेल तर गाडीपाशी उभं राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावा.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हात काळे केले आणि पुढे एकवीस वर्षं मिशिगनमध्ये एका छोट्या गॅरेजात काढली. तुमच्या गाडीच्या पिढीतल्या, म्हणजे १९८८ ते १९९५ या सालांतल्या टीबीआयवाल्या (थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या) पिकअप माझ्या हाताखालून किती गेल्या याची मोजदाद नाही. साधी, दणकट आणि दुरुस्तीला साथ देणारी गाडी आहे ही. अमेरिकेत १९९६पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२चं, म्हणजे स्कॅनर लावून बिघाड वाचायचं सॉकेट आलं, ते तुमच्या गाडीला नाही. त्यामुळे आजचा स्कॅनर तिला लागणार नाही. पण अडून काही राहत नाही. एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, एचईआय इग्निशनसाठी (तुमच्या गाडीतली जास्त दाबाची ठिणगीची व्यवस्था) मिळतो तो स्पार्क टेस्टर आणि घरातला केस वाळवायचा ड्रायर, एवढ्यावर काम होतं.

आधी कॉम्प्युटरचं सांगतो, म्हणजे ती धास्ती मनातून जाईल. तुमच्या गाडीत सेल्फ मारताना ठिणगी कॉम्प्युटर पाडतच नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट पोचवणारा भाग. त्याच्या पोटात दोन वस्तू आहेत : एक पिकअप कॉइल (पुढे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की हीच, गाडी नव्हे), म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार, आणि तिच्या शेजारी दोन स्क्रूंनी बसवलेलं इग्निशन मॉड्यूल. मधल्या शाफ्टवर आठ दातांची चकती फिरते. दात समोरून गेला की पिकअपच्या तारेत बारीकसा व्होल्टेज उठतो, तो मॉड्यूलला समजतो, मॉड्यूल इग्निशन कॉइलचा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वाट) तोडतं आणि कॉइल ठिणगी फेकते. इंजिन पकडून साधारण चारशे आरपीएमच्या वर गेलं, की मग कॉम्प्युटर एका वायरीवर पाच व्होल्ट पाठवून टायमिंगचा, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची याचा, ताबा घेतो. तोवर सगळा कारभार मॉड्यूल एकटं बघतं. म्हणजे सेल्फ मारताना ठिणगी नसेल, तर ज्याचा त्या कामाशी संबंधच नाही त्या डब्यासाठी पैसे कशाला घालायचे?

वडिलांना सांगताना असं सांगा : पॉइंटचं, म्हणजे जुन्या गाड्यांत कॉइलचा करंट तोडणाऱ्या स्विचचं काम मॉड्यूल करतं, आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमचं काम ती दातांची चकती आणि पिकअप मिळून करतात. आपल्याकडे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. ते नाव आलंय डेल्को-रेमीवरून, आणि डेल्को-रेमी ही तुमची गाडी बनली तेव्हा जनरल मोटर्सचीच कंपनी होती. तेव्हा तुमच्या गाडीत खरा डेल्को आहे असं म्हणा, त्यांना लगेच ओळख पटेल.

आता पत्रातलं तुमचं सगळ्यात मोलाचं वाक्य. गाडी गरम असताना बंद केली की सुरू होत नव्हती, अर्ध्या तासाने व्हायची. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण निम्मं निदान तिथेच आहे. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं, पंख्याचा वारा थांबतो, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढत जाते. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला चिकटून, सगळ्यात कोंदट जागेत बसलेला. प्लग किंवा प्लगच्या वायरी अशा वागत नाहीत. तापल्यावर तुटणारी आणि निवल्यावर जुळणारी वस्तू म्हणजे पिकअपची तार नाहीतर मॉड्यूल. इग्निशन कॉइलही कधी कधी असं करते, पण ती तुम्ही बदललीच आहे.

तरी तर्कावर पार्ट घेऊ नका. बघत जाऊ.

सुरुवात एअर क्लीनरचं झाकण काढून करा. खाली थ्रॉटल बॉडीवर दोन इंजेक्टर शेजारी शेजारी, अगदी समोर दिसतात. तुमच्या गाडीचं हे मोठं भाग्य आहे. नव्या गाड्यांत इंजेक्टर दिसतसुद्धा नाहीत. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही बाजूला उभं राहून इंजेक्टरच्या तोंडाकडे बघा. तोंड त्यावर वाकवू नका, आसपास सिगारेट नको, आणि ही तपासणी चालू असताना ठिणगीची तपासणी नको. उघड्यावर पेट्रोलचा फवारा असताना ठिणगी पाडणं म्हणजे भुवयांवरच नव्हे, डोळ्यांवर बेतणारं काम आहे.

फवारा पडतोय का? तुम्ही ‘पेट्रोल आहे’ एवढंच लिहिलंय. टाकीत आहे की इंजेक्टरमधून पडतंय, हे लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथे आहे. कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतो तो मॉड्यूलकडून येणाऱ्या ठोक्यांवर. मॉड्यूलला पिकअपकडून काही आलं नाही, तर ते कॉइलही उडवणार नाही आणि कॉम्प्युटरला ठोकाही पाठवणार नाही. म्हणजे ठिणगी नाही आणि फवाराही नाही, दोन्ही एकदम गेलं, तर दोघांची आई एकच : पिकअप, मॉड्यूल, नाहीतर त्यांना मिळणारा करंट. उलट फवारा छत्रीसारखा छान पडतोय आणि ठिणगी तेवढी नाही, तर पिकअप शाबूत आहे, मॉड्यूलही निम्मं तरी जिवंत आहे. मग कॉइल, तिची मधली वायर, कॅप, रोटर, नाहीतर मॉड्यूलची कॉइलकडची बाजू. पंप वाजतो यावर मात्र भिस्त ठेवू नका. चावी फिरवली की पंप दोन सेकंद वाजतोच, ठोका येवो न येवो.

माझा अंदाज आहे की तुम्हाला फवारा दिसणार नाही. दिसला तर याच सदराकडे परत लिहा, पुढचं सगळं उत्तर बदलेल.

फवारा नाही असं धरून पुढे जाऊ. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. तिथवर हात पोचायला स्टूल लागेल. मी पुढच्या ग्रिलवर आईची जुनी गोधडी अंथरून पोटावर आडवा व्हायचो, बरगड्या वाचतात. कॅप काढून सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतोय का एवढंच बघा. फिरत नसेल तर टायमिंग चेन तुटलीय किंवा डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची पिन, आणि मग इलेक्ट्रिकचं काही बघायलाच नको. दहा सेकंदांची तपासणी आहे. चेन तुटलेल्या इंजिनाला दुसरा माणूस दोन दिवस मॉड्यूल बदलत बसलेला मी पाहिला आहे.

रोटर फिरतोय म्हटल्यावर तो हातात धरून आडवा हलवून बघा. शाफ्ट बुशमध्ये खडखडत असेल तर लक्षात ठेवा, पुढे त्यावरून निर्णय घ्यायचा आहे. रोटर उपसून काढला की खाली चकती आणि चुंबक दिसेल. या गाड्यांत चुंबकावर गंज चढतो आणि लालसर भुकटी साचते. चुंबकाला तडाही जातो. टॉर्च मारून नीट बघा. तडा दिसला तर निदान तिथेच झालं.

आता टेस्ट लॅम्प. कॉइलला प्लसची जाड गुलाबी वायर येते. लॅम्पची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावा, टोक गुलाबी वायरीला, चावी ऑन. दिवा लख्ख पेटला पाहिजे. आणि हे महत्त्वाचं : सेल्फ मारतानाही तो पेटलेला राहिला पाहिजे. चावी ऑनला करंट आहे पण सेल्फ मारला की जातो, असं झिजलेल्या इग्निशन स्विचमुळे होतं, आणि लोक फक्त ऑनला बघून ‘करंट येतोय’ म्हणून पुढे जातात. मल्टिमीटर असेल तर सेल्फ फिरताना किमान नऊ-साडेनऊ व्होल्ट टिकले पाहिजेत.

करंट नीट आहे? मग लॅम्पची क्लिप उलटी, बॅटरीच्या प्लसला लावा, आणि टोक कॉइलच्या निगेटिव्हला, म्हणजे मॉड्यूलकडे जाणाऱ्या वायरीला टेकवून सेल्फ मारा. मॉड्यूल काम करत असेल तर दिवा लुकलुकतो. लुकलुकला आणि तरी ठिणगी नाही, तर दोष कॉइलपासून पुढे. तुम्ही बसवलेला पार्ट नवा आहे म्हणून तो चांगलाच असेल असं समजू नका, नवी कॉइलसुद्धा डब्यातून मेलेली निघते. दिवा एकसारखा जळला किंवा विझलेलाच राहिला, तर मॉड्यूल कॉइलला तोडत नाही. तुमच्या डॅशबोर्डला आरपीएमचा काटा असेल तर तोही हेच सांगतो : सेल्फ फिरताना तो किंचित थरथरला पाहिजे.

इथे एक पायरी बरेच जण गाळतात. डिस्ट्रिब्युटरमधून कॉम्प्युटरकडे चार वायरींचा एक कनेक्टर जातो. तो सोडा आणि पुन्हा सेल्फ मारून ठिणगी बघा. स्पार्क टेस्टर कॉइलच्या वायरीला लावून इंजिनाला अर्थ करा. वायर हातात धरून ठिणगी बघायची जुनी सवय इथे चालणार नाही, या इग्निशनमध्ये तीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो. कनेक्टर सोडल्यावर ठिणगी आली, तर त्या चार वायरींपैकी एखादी कुठेतरी घासून अर्थ होतेय, किंवा मग खरोखरच कॉम्प्युटरच्या आत बिघाड आहे. कॉम्प्युटरवर संशय घ्यायला माझ्या मते ही एकच वाट आहे, आणि तिथेही आधी वायरी हाताने चाचपून बघायच्या. ठिणगी नाहीच आली, तर डिस्ट्रिब्युटरच्या आत चला.

पिकअपचा दोन वायरींचा छोटा कनेक्टर मॉड्यूलवरून अलगद काढा. त्यातलं प्लॅस्टिक तेहतीस-चौतीस वर्षं भाजलेलं आहे, ओढाओढ केली तर हातात तुकडे येतील. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावा. ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये आकडा यायला हवा. मग एक टोक तिथेच ठेवून दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला लावा; तिथे काहीच येता कामा नये. आकडा आला म्हणजे तार बॉडीला लागलीय. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि सेल्फ मारा. अर्धा-एक व्होल्ट तरी उठला पाहिजे.

आणि आकडे बरोबर आले तरी थांबू नका. या एका गोष्टीसाठी मी इतकं लांबलचक लिहितोय.

मिशिगनमधल्या माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रात्रपाळीची नर्स असलेल्या एका बाईंची गाडी आली, तुमच्यासारखीच, ५.७ची. गरम झाली की बंद. मी पिकअपचे ओहम घेतले, ८२० आले, चोख. मॉड्यूलवर खापर फोडलं, नवं बसवलं, गाडी सुरू झाली, पाठवून दिली. तीन दिवसांनी टो होऊन परत आली. पहाटे साडेतीनला, ड्यूटी संपवून येताना, बर्फात रस्त्याच्या कडेला बंद पडली होती. मी म्हटलं नवं मॉड्यूलच खराब असेल, दुसरं बसवलं. पुन्हा तेच. बाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, की मला रात्री एकटीला या रस्त्याने यावं लागतं. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या फोरमनने मला बाजूला घेतलं, घरून ड्रायर आणायला सांगितला, आणि पिकअपला काट्याचा मीटर लावून ठेवला. ८२० ओहम. ड्रायर धरला. काटा हळूहळू चढू लागला, ८६०, ९००, ९५०. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतोच, तेवढं ठीक. हजाराच्या आसपास गेला असेल नसेल, आणि काटा एकदम उडून टोकाला जाऊन पडला. तार तुटली. फोरमनने ड्रायर बंद केला, आम्ही दोघं काही न बोलता मीटरकडे बघत उभे राहिलो. पाच-सहा मिनिटांनी काटा आपोआप परत खाली आला, ९६०वर. थंड असताना ती तार कितीही वेळा मोजली असती तरी तिने काही सांगितलं नसतं. मॉड्यूल बदलताना गाडी निवायची, म्हणून सुरू व्हायची, आणि मी समजायचो की मॉड्यूलने काम केलं.

तेव्हा तुम्ही ड्रायर लावा. मीटर जोडून ठेवा, पिकअपवर पाच-सात मिनिटं गरम वारा धरा, वायरी हलक्या हाताने वाकवून बघा, विशेषतः कनेक्टरच्या तोंडाशी. आकडा सावकाश वाढणं चालेल. उडी मारणं चालणार नाही. तुमची गाडी आता कायमची बसलीय, तेव्हा बहुतेक ड्रायरआधीच मीटर काही दाखवणार नाही. पण थंड असताना आकडा चांगला आला तर ड्रायरशिवाय पिकअपला पास करू नका.

पिकअप तापवूनही चांगला निघाला, गुलाबी वायरीला करंट आहे, अर्थ चांगला आहे, आणि दिवा लुकलुकत नाही, तर मॉड्यूल गेलं. अर्थाचं मुद्दाम लिहितोय : मॉड्यूलला अर्थ त्याच्या स्क्रूंतून, डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीतून मिळतो, आणि बॉडीला इंजिनातून. स्क्रूखाली गंज असेल तर चांगलं मॉड्यूलही मेल्यासारखं वागतं. तुमच्याकडे पार्ट्सच्या काही दुकानांत मॉड्यूल फुकट टेस्ट करून देतात. काढून घेऊन जा, पण एकदा पास झालं म्हणून परत येऊ नका. सात-आठ वेळा लागोपाठ लावायला सांगा, ते आतून तापलं पाहिजे. काउंटरवरचा मुलगा कंटाळेल, त्याला शेळ्यांची गोष्ट सांगा, तो ऐकेल.

नवं मॉड्यूल बसवताना त्याच्याबरोबर येणारं पांढरं ग्रीस खालच्या धातूच्या पत्र्याला पातळ, सगळीकडे सारखं लावा. ते मॉड्यूलची उष्णता डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीत उतरवतं. प्लगच्या रबरात लावतात ते इन्शुलेशनचं ग्रीस वेगळं, ते इथे चालत नाही. जुनं ग्रीस आणि गंज खरवडून जागा चकचकीत करा. ग्रीस न लावता बसवलेलं मॉड्यूल महिन्या-दोन महिन्यांत जातं, आणि मग माणूस पार्टला शिव्या देतो.

पिकअप गेला असेल तर काम मोठं आहे, कारण तो बदलायला डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून गिअरची पिन ठोकून शाफ्ट उपसावा लागतो. न घाबरता पण सावकाश करा. बोल्ट सैल करण्याआधी रोटरचं टोक कुठे बघतंय तिथे डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर रंगाची खूण, आणि बॉडी इंजिनाला कुठे लागतेय तिथे दुसरी. फोनवर फोटो घ्या. डिस्ट्रिब्युटर वर येताना रोटर थोडा फिरतो, कारण गिअर तिरका आहे. जिथे थांबेल तिथे तिसरी खूण. परत घालताना रोटर त्या तिसऱ्या खुणेवर धरून घातला की खाली जाताना तो आपसूक पहिल्या खुणेवर येतो. दरम्यान सेल्फ कुणालाही मारू देऊ नका. घरात लहान मुलं असतील तर चावी खिशात ठेवा. शाफ्ट परत जोडताना गिअरच्या कडेला एक बारीक खळगा असतो, तो रोटरच्या टोकाच्या बाजूला आला पाहिजे. पिन नवीच घाला.

डिस्ट्रिब्युटर शेवटचा पाव इंच खाली बसत नाही, असं हमखास होतं. त्याच्या तळाशी खाच आहे, ती ऑइल पंपाच्या दांडीवर बसावी लागते, आणि दांडी थोडी फिरलेली असते. अशा वेळी बोल्ट आवळून दाबून बसवू नका, डिस्ट्रिब्युटरही तुटेल आणि ऑइल पंपही. बाहेर काढा, लांब स्क्रूड्रायव्हरने ती दांडी जराशी फिरवा, परत घाला. दोन-तीन प्रयत्नांत ‘टक्’ करून बसतो. तो बसल्याचं हाताला कळतं.

शाफ्ट खडखडत होता का, हे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. खडखडत असेल तर नुसता पिकअप घालू नका, अख्खा डिस्ट्रिब्युटर घ्या. पिन ठोकायचं कामही वाचेल. घट्ट असेल तर जुनाच ठेवा. मूळ बॉडी चांगली असताना ती टाकून देणं माझ्या जिवावर येतं.

गाडी सुरू झाली की टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा. त्याआधी काळ्या पट्ट्याच्या फिकट तपकिरी वायरीचा एकेरी कनेक्टर सोडायचा, म्हणजे कॉम्प्युटर मध्ये पडत नाही. अंश किती ठेवायचे ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं, तेच धरा. काम झालं की कनेक्टर परत लावा. यात ‘चेक इंजिन’चा दिवा पेटेल आणि ४२ नंबरचा कोड नोंदला जाईल, तो तुम्हीच पाडलेला आहे, बॅटरीची निगेटिव्ह वायर थोडा वेळ काढून ठेवली की पुसला जातो. कधी कोड वाचायचे झाले तर डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या ए आणि बी या दोन पिना तारेने जोडून चावी ऑन करा आणि दिव्याची उघडझाप मोजा. इंजिन बंद असताना १२ नंबर तीनदा येतो, तो बिघाड नाही.

एक चूक सुधारायची राहते. तुम्ही प्लगच्या सगळ्या वायरी एकदम काढून बदलल्या असतील, तर क्रम तपासा : १-८-४-३-६-५-७-२, वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. ठिणगी परत आल्यावर गाडी नुसती खोकत राहिली, तर आधी इथे बघा, नवा बिघाड शोधू नका.

प्रश्न : माझ्याकडे १९८९ची फोर्ड एफ-१५० आहे, ४.९ लिटर, सहा सिलिंडर, इंजेक्शनची. तीही तापली की बंद पडते आणि ठिणगी जाते. शेजाऱ्याने त्याच्या १९९३च्या ट्रकमधून काढलेलं काळ्या रंगाचं मॉड्यूल फुकट देऊ केलंय. माझ्या गाडीवरचं करड्या रंगाचं आहे. बसवू का?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन, कॅनडा

उत्तर : नका बसवू. प्लग सारखा दिसतो, बसतोही, पण करडं आणि काळं मॉड्यूल आतून वेगळी आहेत, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. करड्याच्या जागी करडंच.

वरच्या उत्तरातलं तर्कशास्त्र तुमच्या गाडीला तसंच लागू पडतं, वस्तू तेवढ्या वेगळ्या. तुमच्याकडे पिकअपच्या तारेऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या आत हॉल इफेक्ट सेन्सर, म्हणजे चुंबकाचा प्रभाव ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर आहे, त्यामुळे ओहम मोजून काही हाती लागणार नाही. इंजेक्टरही प्रत्येक सिलिंडरला वेगळे, आत दडलेले, फवारा दिसणार नाही. इंजेक्टरच्या कनेक्टरला लावायचा छोटा दिवा मिळतो, तो लुकलुकतो का बघा. लुकलुकत नाही आणि ठिणगीही नाही, तर आधी मॉड्यूलला चावीचा करंट येतोय का ते टेस्ट लॅम्पने बघा. येत असेल तर संशय त्या सेन्सरवर आणि मॉड्यूलवर. लुकलुकतोय आणि ठिणगी नाही, तर सेन्सर बोलतोय. मग मॉड्यूल किंवा कॉइल.

मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच स्क्रूंनी बसवलेलं आहे, म्हणून ते तापतं. स्क्रू खोल आहेत, त्यांना पातळ भिंतीचा ५.५ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, तो आधी आणा. पक्कड लावून डोकी गोल करू नका. पुढच्या वेळी गाडी गरम असताना बंद पडली, की थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मॉड्यूलवर दहा मिनिटं ठेवून बघा, पाणी कनेक्टरमध्ये जाऊ न देता. तेवढ्याने सुरू झाली तर दोष मॉड्यूलमध्ये किंवा त्याला चिकटून असलेल्या सेन्सरमध्ये आहे, हे पक्कं. आधी मॉड्यूल बदला, तेच पांढरं ग्रीस लावून. तरीही गरम झाल्यावर बंद पडली, तर सेन्सरसकट डिस्ट्रिब्युटर बदलावा लागेल. तो फिरवलात तर टायमिंग बघताना ‘स्पाउट’ नावाचा छोटा जोड काढून, स्टिकरवर लिहिलेल्या अंशांवर लावा, आणि जोड परत घालायला विसरू नका. त्याशिवाय गाडी चालते, पण चढावर जीव धरत नाही.